पहिली बंदूक सर्वांत शेवटी घ्या



‘पहिल्यांदाच’ या आपल्या सदरात आपण पहिल्या सायकलपासून पहिल्या पगारापर्यंत बऱ्याच गोष्टींवर गप्पा मारल्या. आजचा विषय वाचून मात्र काही जणांच्या भुवया नक्की उंचावतील. आजचा विषय आहे, पहिली बंदूक.

घाबरू नका. आपण बोलणार आहोत ते नेमबाजीबद्दल, म्हणजे शूटिंग या खेळाबद्दल. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर किती घरांत मुलांनी ‘मलाही शूटिंग शिकायचंय’ असा हट्ट धरला असेल, याची कल्पना तुम्हालाही असेलच. आमच्याही घरात धरला गेला.

झालं असं, की एप्रिल महिन्यात एका रात्री साडेदहाला माझ्या मामेभावाचा, म्हणजे दादाचा मेसेज आला. तीन एअर रायफलचे फोटो, प्रत्येकाखाली किंमत आणि एक प्रश्न, “तू ते पहिल्यांदाचं सदर लिहितेस ना? मग सांग, यातली कोणती घेऊ?” दादाची मुलगी, माझी भाची, अकरा वर्षांची. तिला शूटिंगच्या क्लासला जायचं होतं आणि दादाला त्याआधी बंदूक घेऊन ठेवायची होती.

मी तो मेसेज दोनदा वाचला. कारण आमच्या अख्ख्या घरात बंदुकीला सगळ्यात जास्त घाबरणारा माणूस कोण असेल, तर तो दादाच.

देवासचा तो माठ

मी पाच वर्षांची असतानाची गोष्ट. आम्ही इंदूरला राहायचो आणि दिवाळीच्या सुट्टीत देवासला मामाकडे जायचो. मामाच्या घरामागे पेरूची झाडं होती आणि माकडांना पळवायला एक जुनी एअरगन होती. मधून वाकवायची, छर्रा घालायचा, पुन्हा सरळ करायची, अशी. नुसता आवाज काढायला म्हणून ती ठेवलेली. सगळे तिला ‘छर्ऱ्याची बंदूक’ म्हणायचे आणि घरात ती छत्रीसारखी कोपऱ्यात उभी असायची.

दादा तेव्हा सतरा वर्षांचा. त्या दुपारी त्याने गंमत म्हणून बंदूक उचलली आणि ओसरीवर पाणी पीत बसलेल्या माझ्या मोठ्या भावावर रोखली. मोठा भाऊ म्हणजे तरी केवढा, आठ वर्षांचा. आईने आतून हाक मारली, “अरे, काय करतोयस?” दादा हसून म्हणाला, “आत्या, रिकामी आहे गं!”

आणि फट् असा आवाज झाला.

भावाच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर ठेवलेला माठ फुटला. पाणी ओसरीभर पसरलं. भावाला काही झालं नाही. तो ओला झाला आणि रडायला लागला, एवढंच. दादा मात्र पांढराफटक पडला होता. सकाळी मामाने छर्रा भरला होता, माकडं आपणच पळाली म्हणून बंदूक तशीच ठेवून दिली होती. नळी बंद केली की आत छर्रा आहे की नाही ते बाहेरून दिसत नाही.

आजी ओरडली नाही. तिने खापऱ्या गोळा केल्या आणि दादाला एकच विचारलं, “उघडून बघितलं होतंस का?”

त्या संध्याकाळी ती बंदूक जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर गेली. दादाने त्यानंतर जत्रेत फुगे फोडायचीही बंदूक हातात घेतली नाही. आता तोच दादा मला विचारत होता, कोणती घेऊ?

मी स्वतः नेमबाज नाही, बीए इंग्लिश करून लेख लिहिणारी मुलगी आहे. पण गेले सहा महिने भाचीबरोबर रेंजवर जाऊन, तिथल्या सरांना प्रश्न विचारून आणि नियमावली वाचून जे समजलं, ते आज तुमच्यासमोर ठेवते आहे. दादाला मी जे उत्तर दिलं तेच तुम्हालाही देते. बंदूक आत्ता घेऊ नका. ती सगळ्यात शेवटी घ्यायची असते.

हा खेळ आपल्याला परका नाही

आधी थोडं कौतुक. भारतात नेमबाजीची राष्ट्रीय संघटना, म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन, १९५१ मध्ये सुरू झाली. तिच्या स्थापनेत पुढाकार होता गणेश वासुदेव मावळंकर यांचा. तेच ते, लोकसभेचे पहिले अध्यक्ष. जन्म बडोद्याचा, कर्मभूमी अहमदाबाद आणि घर मराठी! त्यांच्या नावाने आजही मावळंकर नेमबाजी स्पर्धा भरते आणि अनेक नवे नेमबाज त्याच पायरीवरून राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचतात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटली.

पुढची नावं तर तुम्हाला ठाऊक आहेतच. अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करणारा, १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन उभा राहिला.

ही सगळी माणसं रोज बंदूक हातात घेतात. मग ती सुरक्षित कशी राहतात? त्यांच्या बंदुका कमी धोक्याच्या असतात म्हणून नाही. त्यांच्या सवयी पक्क्या असतात म्हणून.

पहिला दिवस: एकही गोळी नाही

भाचीच्या पहिल्या क्लासला मी, दादा आणि ती असे तिघं गेलो. भाचीला वाटलं होतं, पोहोचल्याबरोबर ठो ठो सुरू होईल. पण पहिला तासभर तिने बंदुकीला हातही लावला नाही. सरांनी चार नियम सांगितले आणि तिच्याकडून ते म्हणून घेतले. हे चार नियम जगभर थोड्याफार फरकाने सारखेच शिकवले जातात. तुम्हीही लक्षात ठेवा.

१. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजा. कुणी ‘रिकामी आहे’ म्हटलं तरी. तुम्ही स्वतः आत्ताच खाली ठेवली असली तरी. हातात घेतली की आधी उघडून बघा.

२. जिथे गोळी लागलेली चालणार नाही, तिथे नळी रोखू नका. बंदूक उचलताना, ठेवताना, पुसताना, दुसऱ्याला देताना, नळीचं तोंड कायम टार्गेटकडेच. रेंजवर वळून मागच्याशी बोलायचं असेल तर आधी बंदूक टेबलावर ठेवायची, मग वळायचं.

३. नेम धरून होईपर्यंत बोट ट्रिगरवर जाऊ देऊ नका. बोट बाजूला, सरळ. स्पर्धेच्या एअर रायफलचा ट्रिगर इतका हलका असतो की नुसत्या स्पर्शाने सुटतो. सिनेमात हिरो कायम ट्रिगरवर बोट ठेवून पळत असतो. तेवढं शिकू नका.

४. टार्गेटच्या मागे काय आहे ते माहीत असू द्या. पुठ्ठ्याच्या खोक्यातून छर्रा आरपार जातो. पत्र्यावर किंवा दगडावर आपटला तर उलटाही येतो.

सरांनी नियम सांगून झाल्यावर रायफल दादापुढे धरली आणि म्हणाले, “आता तुम्ही तपासून दाखवा.” दादाने हात मागे घेतला. म्हणाला, “मला नाही शिकायचं, हिला शिकायचंय.” सर शांतपणे म्हणाले, “घरी बंदूक कोणाच्या ताब्यात असणार आहे? मुलीच्या की तुमच्या?”

दादाकडे उत्तर नव्हतं. त्याने रायफल हातात घेतली. हात थरथरत होता, हे मी पाहिलं. भाचीनेही पाहिलं असावं.

मंडळी, क्लास निवडताना हीच गोष्ट बघा. जिथे पहिल्याच दिवशी फोटो काढायला मुलाच्या हातात बंदूक देतात, तिथून नमस्कार करून परत या. जिथे आधी नियम शिकवतात आणि पालकांनाही बसवतात, तिथे पैसे भरा.

रेंजवरची भाषा

रेंजवर हुकूम इंग्रजीत असतात आणि ते पाळण्यात वाद नसतो. ‘लोड’ म्हटल्यावरच छर्रा भरायचा. ‘स्टार्ट’ म्हटल्यावरच नेम. ‘स्टॉप’ ऐकू आलं की बोट लगेच बाहेर, मग अर्धा नेम धरून झालेला का असेना. ‘अनलोड’ म्हटलं की बंदूक रिकामी करून, उघडून ठेवायची.

बंदूक वापरात नसेल तेव्हा तिच्या नळीतून भडक रंगाची एक लांब दोरी घालून ठेवतात. तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. एअर रायफल आणि एअर पिस्तुलात ती नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला हवी. म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही दिसतं. ‘रिकामी आहे’ असं तोंडाने सांगायची गरजच उरत नाही. देवासच्या घरी अशी वीतभर दोरी कोपऱ्यातल्या बंदुकीतून बाहेर आलेली असती तर माठ वाचला असता, हा विचार माझ्या मनात लगेच आला.

आणखी दोन छोट्या गोष्टी. छर्रे शिशाचे असतात. त्यामुळे ते तोंडात धरायचे नाहीत, रेंजवर बसून डबा खायचा नाही आणि सराव संपला की साबणाने हात धुवायचे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असलेला केव्हाही चांगला.

रायफल की पिस्तूल?

आता येऊ मूळ प्रश्नाकडे. नवशिक्यांसाठी सुरुवात होते ती १० मीटर एअर रायफल किंवा १० मीटर एअर पिस्तूल या प्रकारांपासून. दोन्हींत दारू नसते, दाबलेल्या हवेवर छर्रा सुटतो. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, पुढून चपटा. चपटा अशासाठी, की कागदावर स्वच्छ गोल भोक पडावं आणि गुण मोजता यावेत. वजन साधारण अर्धा ग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण स्पर्धेच्या रायफलमधून तो सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने निघतो. म्हणजे ताशी सहाशे किलोमीटर. डोळा जायला तेवढं पुरेसं आहे. म्हणून ‘छर्ऱ्याची तर आहे’ हे वाक्य घरातून कायमचं काढून टाका.

एअर रायफल दोन्ही हातांनी, खांद्याला टेकवून, उभं राहून चालवतात. स्पर्धेत तिचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याहूनही लहान! शरीर स्थिर राहावं म्हणून जाड जॅकेट, पँट, बूट असा खास पोशाख लागतो आणि तो खर्च बंदुकीच्या खर्चात धरावा लागतो.

एअर पिस्तूल एकाच हाताने चालवतात, मनगटाला कसलाही आधार न देता. वजन दीड किलोपर्यंत. दहाचा ठिपका साडेअकरा मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढा. जॅकेट-पँट लागत नाही. सुरुवातीचा खर्च त्यामुळे कमी होतो, पण हात लांब करून पिस्तूल स्थिर धरणं सोपं नाही. पाच मिनिटं पाण्याची लिटरभराची बाटली एका हाताने समोर धरून बघा, म्हणजे कळेल.

स्पर्धेत दोन्ही प्रकारांत पात्रता फेरी साठ शॉटची असते, वेळ सव्वा तास. म्हणजे जोराचा नाही, धीराचा खेळ. चंचल मूल या खेळात शांत बसायला शिकतं, असं अनेक पालक सांगतात. आमच्याकडेही तसंच घडतंय असं दिसतं, निदान अभ्यासाव्यतिरिक्त!

आधी डोळा ओळखा

बंदूक निवडण्याआधी एक गोष्ट घरबसल्या करता येते. आपले दोन डोळे सारखं काम करत नाहीत. त्यातला एक ‘मालक’ असतो, त्याला मास्टर आय म्हणतात. तो असा ओळखा. दोन्ही हात पुढे करून पंज्यांमध्ये एक छोटा त्रिकोण करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या त्रिकोणातून समोरचं घड्याळ बघा. आता डावा डोळा मिटा. घड्याळ जागेवरच दिसलं तर तुमचा उजवा डोळा मालक. घड्याळ त्रिकोणातून निसटलं तर डावा.

बहुतेक उजव्या हाताच्या लोकांचा उजवा डोळाच मालक असतो, पण सगळ्यांचा नाही. आमची भाची लिहिते उजव्या हाताने, पण तिचा डावा डोळा मालक निघाला. रायफलमध्ये दस्ता डावा की उजवा हे आधी ठरवावं लागतं. दादाने फोटो पाठवलेल्या तिन्ही रायफल उजव्या हाताच्या होत्या.

आता सांगा, एप्रिलमध्येच घेतली असती तर?

मग बंदूक घ्यायची कधी आणि कोणती?

पहिले चार-सहा महिने क्लबची बंदूक वापरा. जवळपास प्रत्येक चांगल्या क्लबमध्ये नवशिक्यांसाठी बंदुका असतात. या काळात तीन गोष्टी कळतात: मुलाला खेळ खरंच आवडतोय का, रायफल की पिस्तूल, आणि डावं की उजवं. या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय दुकानात जाऊ नका. नंतर खालच्या गोष्टी बघा.

हवा कशी भरते. स्वस्तातली एअर रायफल स्प्रिंगची असते. नळी वाकवून स्प्रिंग ताणायची. शिकायला ती चालते, पण ताणताना ताकद लागते आणि छर्रा भरताना नळी एका हाताने घट्ट धरावी लागते, नाहीतर ती झटकन सरळ होऊन बोटं चेचतात. शिवाय सुटताना ती हादरते. दुसरा प्रकार पीसीपी, म्हणजे आधीच हवा भरलेल्या सिलिंडरवर चालणारी. हिला हादरा जवळपास नसतो आणि स्पर्धेत आता हीच चालते. पण हवा भरायला पंप, मोठं सिलिंडर किंवा क्लबचा कॉम्प्रेसर लागतो. ती सोय जवळ आहे का, ते आधी विचारा.

अंगाला बसते का. रायफलचा दस्ता कोपराच्या आतल्या खोबणीत टेकवा. बोट आरामात ट्रिगरपर्यंत पोहोचलं पाहिजे. मुलं वाढतात, म्हणून दस्त्याची लांबी कमी-जास्त करता येणारं मॉडेल घ्या. पिस्तुलाची मूठ लहान, मध्यम, मोठी अशी मिळते. मूठ हातात ढिली असेल तर महागडं पिस्तूलही उपयोगाचं नाही.

कोणत्या स्पर्धेसाठी. आपल्याकडे शालेय स्पर्धांत ओपन साइट आणि पीप साइट असे वेगळे प्रकार असतात. ओपन साइटसाठी भारतीय बनावटीची साधी रायफल पुरते. पीप साइटसाठी स्पर्धेची रायफल लागते आणि वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, स्टायर अशा परदेशी कंपन्यांच्या रायफल लाखाच्या पुढे जातात. मूल ज्या प्रकारात उतरणार आहे, त्याच प्रकाराची बंदूक घ्या.

जुनी घेताना. क्लबमधले मोठे खेळाडू नवी घेतात तेव्हा जुनी विकतात. हा चांगला मार्ग आहे. पण हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. सिलिंडरचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं धरलं जातं आणि मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. चालत नाही म्हणण्यापेक्षा ते धोक्याचं असतं. दोनशे बार दाबाची हवा ही काही फुग्यातली हवा नव्हे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रशिक्षकाला दाखवून मगच घ्या. रात्री साडेदहाला फोनवर फोटो बघून घेऊ नका. दादा, वाचतोयस ना?

कायदा काय म्हणतो

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार, ज्या एअर रायफल किंवा एअर पिस्तुलाची नळी ४.५ मिलिमीटरपर्यंत (म्हणजे पॉइंट १७७) आणि ताकद २० ज्यूलपर्यंत आहे, तिला सहसा परवाना लागत नाही. त्याहून मोठी किंवा ताकदवान असेल तर लागतो. खरेदी करताना ओळखपत्र द्यावं लागतं. बिल घ्या आणि बंदुकीच्या पेटीतच त्याची एक प्रत ठेवा. वाटेत कुणी विचारलं तर दाखवता येतं.

स्वप्निल कुसाळे खेळतो त्या ५० मीटर प्रकारात पॉइंट २२ रायफल असते. ती दारूची, म्हणून परवान्याची. शस्त्र परवान्यासाठी सहसा वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. नवशिक्याने आज त्याचा विचार करायची गरजच नाही.

परवाना लागत नाही याचा अर्थ कुठेही चालवा असा मात्र नाही. गच्चीवर, सोसायटीच्या आवारात, शेतात पक्ष्यांवर, अजिबात नाही. पोपट-कबुतरांवर नेम धरणं हा वन्यजीव कायद्याचाही प्रश्न आहे आणि माणुसकीचाही. विमानाने जात असाल तर बंदूक हातातल्या सामानात नेता येत नाही. विमान कंपनीला आधी कळवून, रिकामी करून, बंद पेटीत, चेक-इनच्या सामानात द्यावी लागते.

घरी आणल्यावर

बंदूक पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली मोठ्यांकडे. छर्रे वेगळ्या कपाटात. पेटीत ठेवताना उघडून बघायचं आणि सेफ्टी फ्लॅग घालायचा. काढतानाही उघडून बघायचं. पाहुण्यांची मुलं आली म्हणून कौतुकाने बाहेर काढायची नाही. भिंतीवर शोभेला लावायची नाही.

नेमबाज घरी छर्रा न घालता सराव करतात, त्याला ड्राय प्रॅक्टिस म्हणतात. नेम धरायचा आणि ट्रिगर हळू दाबायचा, एवढंच. खूप उपयोगी सराव आहे. पण तो प्रशिक्षकांनी सांगितल्यावर, त्यासाठी सोय असलेल्या बंदुकीवर आणि छर्रे त्या खोलीच्या बाहेर ठेवूनच करायचा. स्प्रिंगची बंदूक अशी रिकामी उडवली तर ती आतून खराब होते. समोर कायम कोरी भिंत असावी. दरवाजा नको, खिडकी नको आणि टीव्ही पाहणारे आजोबा तर नकोच नको.

तर आमच्याकडे पुढे काय झालं?

सहा महिने झाले. भाची क्लबच्या बंदुकीवरच शिकते आहे. दोन महिने रायफल धरल्यावर तिने स्वतःच पिस्तूल मागितलं, आता ती डाव्या हाताने सराव करते. म्हणजे दादाने पाठवलेल्या तिन्ही फोटोंमधलं काहीच कामाचं नव्हतं. पुढच्या महिन्यात तिच्या सरांबरोबर जाऊन वापरलेलं एक पिस्तूल बघायचं ठरलं आहे. सिलिंडरची तारीख दादा स्वतः वाचणार आहे.

या दिवाळीत आम्ही सगळे देवासला गेलो होतो. आजी आता थकली आहे, पण कान शाबूत आहेत. भाचीने पदकाविषयी काहीतरी सांगितलं तशी आजी म्हणाली, “माळ्यावर ती जुनी आहे बघ.” कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने दादाच उठला, शिडी लावली आणि धोतरात गुंडाळलेली ती बंदूक खाली घेऊन आला. वीस वर्षांनी.

त्याने ती ओसरीवर आणली, नळीचं तोंड अंगणातल्या मातीकडे धरलं, बोट ट्रिगरपासून लांब ठेवलं. भाची शेजारी उभी राहून सरांसारखी हातांची घडी घालून बघत होती.

“बाबा, आधी उघडून बघा,” ती म्हणाली.

दादाने नळी वाकवली, उजेडाकडे धरली आणि आत डोकावून पाहिलं. नंतर आजीला दाखवली, माझ्या भावाला दाखवली. भावाने जरा जास्तच वेळ बघितलं, असं मला वाटलं.

रिकामी होती. गंजलेलीही होती, त्यामुळे ती आता कुणी चालवणार नाही. पण दादाने ती पुन्हा गुंडाळून ठेवण्याआधी परत एकदा उघडून बघितली.

तुमच्या घरातही कोपऱ्यात, माळ्यावर किंवा कपाटामागे अशी एखादी ‘छर्ऱ्याची’ उभी असेल, तर आज एवढंच करा. मुलांना बाजूला पाठवा, नळी मातीकडे धरा आणि ती उघडून बघा. उघडता येत नसेल तर हात न लावता जाणकाराला बोलवा. आणि मूल शूटिंगचा हट्ट धरून बसलं असेल, तर खुशाल हो म्हणा. क्लास आधी लावा, बंदूक नंतर घ्या आणि पहिल्या दिवशी तुम्हीही बरोबर जा.

पुढच्या वेळी भेटू एका नव्या ‘पहिल्यांदाच’सोबत. तोपर्यंत काळजी घ्या!